अकरा वेळा हाय

त्या सुट्टीत शिवतेजला जे मिळण्यासारखं होतं, त्यात सगळ्यात वजनदार दिसणारी वस्तू होती पोलादी ढाल. ती फक्त खेळातली होती. त्याहून हलकी वस्तू होती एक कागद, आणि शिवतेजचा डोळा खरा त्या कागदावर होता.

पाचगणीच्या त्यांच्या निवासी शाळेत खोलीचा जोडीदार स्वतः निवडायची मुभा आठवीपासून मिळे. दोघांनी एका अर्जावर सह्या करायच्या आणि एकतीस मेच्या आत तो मेलनं पाठवायचा. अनीशनं शिवतेजचं नाव लिहायचं कबूल केलं होतं. सातवीचं वर्ष शिवतेजनं अशा दोन मुलांच्या खोलीत काढलं होतं, जी त्याच्या तोंडून ‘न्हाई’ निघालं की एकमेकांकडे बघून हसायची. अनीश हसत नसे. तो फक्त चुका मोजत असे, आणि मोजणारा माणूस हसणाऱ्यापेक्षा बरा, असं शिवतेजचं मत होतं.

शाळेत मोबाइलला बंदी होती, म्हणून सगळा खेळ सुट्टीत. सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत चौघं संयोगिताच्या घरी सांगलीला जमले आणि तिथंच त्यांनी आपापली पात्रं निवडली. खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. चौघं त्याला नुसतं ‘गड’ म्हणत. साताऱ्याचा अनीश मांत्रिक झाला. वाईची स्वानंदी वैद्य झाली. जखमींना काढा पाजून उभं करायचं काम तिचं. संयोगिता तिरंदाज. शिवतेज ढालकरी, म्हणजे सगळ्यात पुढं उभं राहून मार खाणारा. मग चौघं आपापल्या गावी पांगले आणि रोज दुपारी कानांत हेडफोन घालून, एकमेकांशी बोलत, एकाच गडावर भेटू लागले.

पंचाईत पहिल्याच लढाईत झाली.

“मागं राक्षस हाय,” शिवतेज ओरडला, आणि त्याच्या ढालकऱ्यानं ढाल खाली ठेवून राक्षसाला हसतमुखानं हात केला.

राक्षसानं त्याला चावून टाकलं.

“तू त्याला हात कशाला दाखवतोस?” अनीशनं विचारलं.

“मी न्हाई दाखवला. त्योच दाखवतुय.”

कारण स्वानंदीनं शोधलं. खेळाला बोललेले काही इंग्रजी शब्द कळत. कुणी ‘हाय’ म्हणालं, की त्याचं पात्र हातातलं काम टाकून तीन सेकंद हात हलवी. साहेबाच्या देशात त्याला अभिवादन म्हणतात. शिवतेजच्या माण तालुक्यात त्याला क्रियापद म्हणतात, आणि ते दर वाक्याच्या शेवटी येतं.

“शिवतेज, ‘आहे’ म्हण,” संयोगिता म्हणाली.

“म्हणतो की. त्यात काय अवघड हाय?”

ढालकऱ्यानं हात केला. राक्षसानं पुन्हा चावलं. स्वानंदीनं दुसरा काढा खर्च केला आणि वहीत दोन काड्या मारल्या. काढे तिचे होते. ते कुणापायी संपतात, हे कळायला नको?

महिनाभर खेळ चालला. महिन्याचं ध्येय एकच होतं. गडाचा नववा दरवाजा एकतीस मेपर्यंतच उघडता येणार होता आणि त्याला चाळीस चंद्रमणी लागत. गुहा धुंडाळून, भुतं हाकलून चौघांनी एकेक मणी जमवला आणि सामाईक पेटीत टाकला. चोवीस मेला सकाळी पेटीत बरोबर चाळीस मणी होते.

दुपारी अनीशनं पेटी उघडली, तेव्हा तीन उरले होते.

पेटीवर नोंद होती. सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. सदतीस मणी काढले. काढणारा, शिवतेजचा ढालकरी.

“मी न्हाई घेतलं,” शिवतेज म्हणाला.

“नोंद तुझ्या नावावर आहे.”

“अकराला मी आज्जाबरोबर मेंढरं पाण्यावर न्हेली हुती. मोबाइल घरात चार्जिंगला हुता.”

“कुणी पाहिलं?”

“मेंढरांनी.”

कुणी हसलं नाही. गडावर पहारेकऱ्याचा एक आरसा होता. त्यात दिवसभरात कोण आलं-गेलं याची चित्रं दिसत. आवाज नसे, नुसत्या हालचाली. अनीशनं अकराची चित्रं सगळ्यांना दाखवली. ढालकरी आला. इकडंतिकडं भिंतींवर आपटत पेटीपाशी पोचला. मणी घेतले. मग बाजारात गेला आणि एका व्यापाऱ्यापुढं उभा राहिला. तिथं त्यानं हात हलवला. पुन्हा हलवला. पुन्हा.

“अकरा वेळा,” अनीश म्हणाला. “आपल्यात ‘हाय’ कोण म्हणतं, हे मी सांगायला हवं का?”

“अनीश, एवढ्यात काही ठरवू नको,” स्वानंदी म्हणाली.

“मी ठरवत नाहीये. नियम आपण चौघांनी केलाय. न विचारता पेटीला हात लावणारा बाहेर.” मग तो म्हणाला, “आणि तो अर्ज मी अजून पाठवलेला नाही, शिवतेज. आता बघतो.”

त्या ‘बघतो’चा अर्थ शिवतेजला चांगला कळला. त्यानं हेडफोन काढून ठेवले.

आता जो चोरीचा आळ आला, तो काढायचं काम ज्याच्यावर आळ त्याचं, असा जगाचा रिवाज आहे. पण शिवतेज गप्प बसला, आणि काम वाईत स्वानंदीनं हातात घेतलं. माणुसकी हे एक कारण. दुसरं असं, की तिच्या वहीतल्या काड्यांचा मेळ बसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिघांनाही एकत्र फोन लावला.

“मी आकडे वाचते. मधे कुणी बोलायचं नाही. शिवतेजचे ‘हाय’. पहिला आठवडा, एकसष्ट. दुसरा, बावीस. तिसरा, चार. चौथा, शून्य.”

“म्हणजे?” अनीश म्हणाला.

“म्हणजे आठ दिवस त्यानं एकदाही ‘हाय’ म्हटलेलं नाही. तुझ्या लक्षात आलं नाही?”

अनीशच्या लक्षात आलं नव्हतं. चूक झाली की तो मोजायचा. चूक थांबली, तर त्याची नोंद ठेवायचं त्याच्या पद्धतीत नव्हतं.

“शिवतेज, कसं जमवलंस?” संयोगितानं विचारलं.

“घरात बी म्हणत न्हाई आता,” शिवतेज म्हणाला. “आज्जी म्हणती, पोरगं तालुक्याच्या सायबावानी बोलाया लागलं. काल मेंढराला बी म्हणालो, बस आहे तिथं.”

“मग जो माणूस पाव तासात अकरा वेळा ‘हाय’ म्हणतो, त्याला हात हलतो हे माहीतच नाही,” स्वानंदी म्हणाली. “शिवतेज, तू आरशातली चित्रं नीट बघ. आम्हाला जे दिसत नाही, ते तुला दिसेल.”

शिवतेजनं चित्रं पुन्हा पाहिली. या वेळी तो स्वतःच्या बचावासाठी बघत नव्हता, त्यामुळं त्याला दिसलं.

“ह्यो काय घेतोय, बघितलं का? व्यापाऱ्याकडं दोन पांढरी शिंगाळी जनावरं आहेत.”

“ती ड्रॅगनला झोपवायला आमिष म्हणून ठेवायची असतात,” अनीश म्हणाला. “कुणीच घेत नाही. एकदा खाल्ली की संपली.”

“ह्यानं आमिष म्हणून न्हाई घेतली. आधी तोंडाफुडं गेला. मग मागं. मग खाली वाकून खूर बघितलं. मग लांब जाऊन चाल बघितली. आमचा आज्जा बाजारात अस्संच करतो. ह्यो गडी बैल घेतोय.”



“आणिक एक. चोर असता, तर चाळीस न्हेलं असतं. ह्यानं तीन का ठेवलं? आज्जी कणगीतलं धान्य काढताना तळाला मूठभर ठेवतीच. भांडं रितं करू नये म्हणती. घरात बरकत राहात न्हाई.”

“म्हणजे चोर बैलाचा जाणकार, जुन्या वळणाचा, आणि ‘हाय’ म्हणणारा,” स्वानंदी म्हणाली. “आता प्रश्न एकच. शिवतेजचं खातं त्याच्या मोबाइलशिवाय आणखी कुठं उघडं आहे?”

यावर संयोगितानं घसा खाकरला.

सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत शिवतेजकडं स्वतःचा मोबाइल नव्हता. त्यानं आपलं पात्र तिच्या वडिलांच्या टॅबलेटवर तयार केलं होतं. वडिलांचं, म्हणजे जयराजांचं, कुपवाडला लेथ मशिनचं वर्कशॉप होतं, आणि टॅबलेट तिथं मशिनच्या भागांची चित्रं बघायला लागे. खात्यातून बाहेर पडायचं शिवतेज विसरला होता. संयोगिताही.

संध्याकाळी जयराज टॅबलेट घेऊन घरी आले. संयोगितानं तो खिडकीच्या उजेडात तिरपा धरला. काचेच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं अंगठा ठेवून पात्र चालवायचं असतं, नेमका तिथं ग्रीसचा काळा ठसा होता.

“अंगठा सापडला,” तिनं तिघांना कळवलं. “पण वर्कशॉपात आठ माणसं आहेत. आठांचेही अंगठे काळे. आठही जण ‘हाय’ म्हणतात. आणि मला आत जायची बंदी आहे.”

बंदी बाळासोकाकांची होती. बाळासो हे जयराजांचे थोरले भाऊ आणि वर्कशॉपचे फोरमन. मशिन चालू असताना पोरांनी उंबरा ओलांडायचा नाही, हा त्यांचा एक नियम. दुसरा नियम घरातला होता. संयोगिता खेळायला बसली, की ते येता-जाता म्हणत, “बोटं झिजत्याली. असल्या खेळानं कुणाचं भलं झालंय?”

“मोठी माणसं विचारून कबूल होत नाहीत,” स्वानंदी म्हणाली. “त्यांना बोलतं करावं लागतं. अकराला चहाची सुट्टी असते ना? उद्या गडाच्या बाजारात एक बैलाचा व्यापारी बसवायचा.”

“व्यापारी कोण होणार?” अनीशनं विचारलं. “माझ्यानं ते बोलणं व्हायचं नाही. मला बैलाचं पुढचं आणि मागचं एवढंच कळतं.”

“माझ्याकडं एक आहे,” शिवतेज म्हणाला. “भाड्यानं न्हाई मिळणार. पर तंबाखू मळायला वेळ द्यावा लागंल.”

शिवतेजचे आजोबा बिराप्पा यांनी आयुष्यात साताठशे मेंढरं आणि वीसेक बैल घेतले-विकले होते. मोबाइलला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच शंका काढली.

“बैल कुठं हायती?”

“खेळात, आज्जा.”

“चारा?”

“लागत न्हाई.”

“मग नफाच हाय की,” बिराप्पा म्हणाले आणि चटईवर मांडी घालून बसले.

शिवतेजनं आईच्या मोबाइलवर नवं पात्र उघडलं. त्याला फेटा आणि पिकलेल्या मिशा दिल्या आणि बाजारात विकायला आलेल्या दुसऱ्या जोडीशेजारी उभं केलं. बोटं शिवतेजची, आवाज आज्जाचा. अनीशचा मांत्रिक, संयोगिताची तिरंदाज आणि स्वानंदीची वैद्य, तिघंही जवळच्या ओट्यामागं तोंड बंद करून लपली. त्यांना ऐकू सगळं येत होतं.

अकरा वाजून दोन मिनिटांनी ढालकरी आला. भिंतीला आपटला, मागं सरला, दुसऱ्या भिंतीला आपटला आणि आपल्या दोन पांढऱ्या जनावरांना हाकत बाजारात आला. दुसऱ्या बैलवाल्याला बघून थबकला. विकत काही घ्यायचं नसलं, तरी बैलाची किंमत न विचारता पुढं जाणं हा बाजाराचा अपमान असतो.

“रामराम पाव्हणं,” बिराप्पा म्हणाले. “जोडी झ्याक हाय.”

बिराप्पांच्या फेटेवाल्यानं हात केला.

“हाय की,” पलीकडून जाडाभरडा आवाज आला. ढालकऱ्यानं हात केला. “तुमची बी बरी हाय. इकायची हाय का?”

“इकायची हाय म्हणून तर उभी हाय.”

दोघंही एकमेकांना हात करत राहिले. ओट्यामागं अनीशनं तोंडात रुमाल कोंबला.

“गाव कंचं तुमचं?”

“मूळ वाळव्याकडचं. आता कुपवाडला हाय. बारा वर्सं झाली बैल इकून. ट्रॅक्टर आला, गोठा मोकळा झाला.” ढालकरी जनावरांकडं वळला. “ह्यो पाखऱ्या आन् त्यो हरण्या. नावं मीच ठीवली.”

“मोलभाव जमला का नीट?”

“कुठला? त्यो व्यापारी लय आडमुठा. धा मिंटं घासाघीस केली. म्हनलं, खूर बारीक हाय, वशिंड कमी हाय. हूं न्हाई की चूं न्हाई. सदतीस म्हंजे सदतीस.”

“सदतीस मणी? बक्कळ झालं की. कुठनं आणलं?”



“घरच्या पोरांची पेटी हाय. पडूनच हुतं त्यात. चाळीस हुतं, तीन ठीवलं. पेटी रिती करू न्हाई.”

“पोरांनी इचारलं न्हाई?”

“त्यास्नी काय कळतंय? रिकामटेकडी हायती. दिसभर बोटं झिजवत्याती.”

मग ओट्यामागून तिरंदाज बाहेर आली.

“बाळासोकाका,” संयोगिता म्हणाली, “चहा गार झाला असेल.”

ढालकरी जागच्या जागी गोल फिरला.

“कोन हाय?” आवाज आला, आणि ढालकऱ्यानं तिला हात केला.

त्या संध्याकाळी सांगलीत जयराजांनी सगळी हकीकत ऐकली. आधी टॅबलेटकडं पाहिलं, मग भावाकडं.

“माझ्याकडं एखादा नट हरवला, तर आठ माणसं आठ दिवस शोधतात,” ते म्हणाले. “चार गावांत बसलेल्या चार पोरांनी दोन दिवसांत फोरमन पकडला. यांना उद्यापासून कामावर घेतो.”

“पकडलं ते बरंच केलं,” बाळासोकाका संयोगिताला म्हणाले. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. “म्या समजलो, तुझं काम झालंय त्या मण्यांचं. शिवतेज नावाच्या त्या पोरावर आलं व्हय सगळं?”

“त्याला आम्ही काढून टाकणार होतो, काका. आणि अनीश त्याला खोलीत घेणार नव्हता.”

काकांनी फोन मागितला. माणमध्ये शिवतेजनं उचलला.

“लेकरा, चूक माजी हाय. भरपाई माजी. बोल, काय करू?”

“मणी परत मिळत नाहीत, काका,” शिवतेज म्हणाला. “व्यापारी जनावरं माघारी घेत नाही. आणि नवे मणी जमवायला पाचच दिवस राहिलेत. गुहेत दिवसाला एखाददुसरा सापडतो.”

“गुहेत कशाला? पडक्या वाटंला ती मोट हाय की.”

“कुठली मोट?”

“ती न्हवं का, खोल विहीर, वर दोन लाकडी खांब, मधी चाक. पाखऱ्या तिथं आपसूक थांबला, तवा बघितली.”

चौघं महिनाभर त्या खांबांजवळून रोज धावत गेले होते. अनीशनं तर आपल्या नकाशावर ‘मोडकं फाटक, निरुपयोगी’ अशी नोंदही करून ठेवली होती. विहिरीतलं पाणी उपसायला बैलजोडी लागते, बैलांना उतारावरून पुढं नि मागं चालवावं लागतं, हे चौघांपैकी एकानंही बापजन्मी पाहिलेलं नव्हतं. बाळासोकाकांनी मात्र वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत मोट बघितली होती.

दुसऱ्या दिवशी अकराला काकांनी पाखऱ्या-हरण्याला मोटेला जुंपलं. पंधरा मिनिटांनी चामड्याची बादली वर आली. तिच्यातल्या गाळात एक चंद्रमणी चमकत होता.

पुढचे पाच दिवस काकांनी चहाची सुट्टी मोटेवर काढली. जेवणाची सुट्टीही मोटेवरच. घरी आल्यावर पुन्हा मोट. शिवतेजचं खातं त्यांनी पहिल्याच दिवशी परत केलं. संयोगितानं त्यांना नवं पात्र काढून दिलं आणि दोन्ही बैल त्याच्या नावावर केले. दुसऱ्या दिवशी सोबतीला बिराप्पाही आले. खेळात त्यांचं काम काहीच नव्हतं. ते नुसते बैलांच्या मागून चालत आणि उन्हाळ्याविषयी बोलत. मोट चालू असेपर्यंत दोन म्हातारे विहिरीवर एकमेकांना हात करत. जवळून जाणाऱ्या परक्या खेळाडूंना वाटे, या राज्यात माणसं फार अगत्यशील आहेत.

इकडे अनीशनं अर्ज भरला, सही केली आणि शिवतेजला पाठवला. शिवतेजची सही एक दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मग अनीशनं फोन केला.

“अर्ज मिळाला का?”

“मिळाला. बघतो,” शिवतेज म्हणाला.

त्या ‘बघतो’चा अर्थ आता अनीशला कळला.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “मी नोंद बघितली, तुला बघितलं नाही. सांग, काय करू?”

“जास्ती न्हाई. नवव्या दरवाज्यात माझ्यासारखं बोलायचं. अकरा वेळा.”

“ड्रॅगनसमोर?”

“ड्रॅगनसमोरच.”

अनीशनं मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली. “बरं. स्वानंदीकडं काढे किती आहेत, विचारून घेतो.”

एकतीस मेला सकाळी अर्ज दोन सह्यांनिशी शाळेत पोचला. दुपारी चार वाजता पेटीत चाळीस मणी झाले. एक्केचाळिसावा काकांनी मुद्दाम काढून ठेवला होता, पेटी रिती राहू नये म्हणून. नववा दरवाजा उघडला. आत सभामंडपाएवढा ड्रॅगन पसरला होता. काकांनी पाखऱ्या-हरण्याला आमिष म्हणून द्यायला साफ नकार दिला होता, त्यामुळं तो जागा होता आणि भुकेलाही.

“अनीश, कुठल्या बाजूला आहे तो?” शिवतेजनं ढाल पुढं धरून विचारलं.

“डावीकडं,” अनीश म्हणाला. मग त्यानं स्वतःला दुरुस्त केलं. “डावीकडं हाय.”

मांत्रिकानं छडी खाली ठेवली आणि ड्रॅगनला हसतमुखानं हात केला.

ड्रॅगन पडायला पाऊण तास लागला. अनीश अकरा वेळा चावून घेऊन अकरा वेळा उठला, आणि शेवटचा घाव शिवतेजच्या ढालीच्या आडून संयोगितानं घातला. सांगलीहून जयराज आणि माणहून बिराप्पा दोघंही बघत होते. बिराप्पा म्हणाले, “पोरं कामाची हायती.” काका मात्र मोटेवर होते. मण्यांची आता कुणालाच गरज नव्हती, पण बैलांना सवय लागली होती म्हणे.

स्वानंदीनं वही काढून शेवटची बेरीज केली. बाळासोकाकांचे गार झालेले चहा, आठ. तिचे स्वतःचे काढे, अकरा. अनीशचे ‘हाय’, अकरा. शिवतेजच्या नावापुढं त्या दिवशी तिनं काही लिहिलं नाही. त्याचे सत्त्याऐंशी आधीच भरलेले होते.